डाव्या खुंटीवरचा कोट

करंजीत सारण किती भरायचं ते मला आईनं शिकवलं. पण टोकनच्या चामडी पिशवीत करंज्या किती मावतात, हे माझं मी शोधून काढलं. चार मावतात. पाचवी कोंबली की सगळ्यांच्या कडा मोडतात.

हे सांगितलं की आमच्या घरातली पोरं खो खो हसतात. हसू देत. त्यांना नाताळची सुट्टी कॅलेंडरवर लाल अक्षरांत छापून मिळते, आणि तरी सकाळी दहापर्यंत अंथरुणात लोळून ‘कंटाळा आला’ म्हणतात. आम्हाला ती सुट्टी सात वर्षं मिळाली नव्हती. आठव्या वर्षी मिळाली. कशी मिळाली, ते सांगायला बसले आहे.

आधी टोकन म्हणजे काय ते सांगते. निजामाच्या राज्यात आमच्याकडून जाणारी रेल्वेची लाईन एकेरी होती. एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि सोडल्याची खूण म्हणून ड्रायव्हरला मोसंबीएवढा लोखंडी गोळा द्यायचा. हा गोळा मास्तरांच्या खोलीतल्या यंत्रात बंद असे. पुढच्या स्टेशनाच्या मास्तरनं तिकडून घंटा वाजवून होकार दिला तरच तो बाहेर पडे, आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा काही केल्या निघत नसे. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हरनं गाडी पुढं न्यायची नाही. न थांबणाऱ्या गाडीला तो देण्यासाठी वेताची मोठी रिंग असे. रिंगला चामडी पिशवी, पिशवीत गोळा. पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा गडी, फलाटावर रिंग उंच धरून उभा राही आणि ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात काढून ती दंडात अडकवून घेई. एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

आमचं स्टेशन पिंगळीच्या बाजूचं, अगदी लहान. नाव सांगत नाही. जे घडलं त्यात त्या बिचाऱ्या स्टेशनाचा काही दोष नव्हता. दोन मास्तर, दोन पॉइंट्समन, चार खोल्या, एक विहीर, आणि चहूकडं तूर आणि कापूस. माझे यजमान वैजीनाथ तिथं दिवसपाळीचे मास्तर होते. नाव ऐकून लोक विचारत, ख्रिस्ती माणसाचं नाव वैजीनाथ कसं? सासरे चारठाण्याचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हे तीन वर्षांचे होते. पाद्रीसाहेबांनी पोरासाठी शमुवेल असं छान नाव काढून ठेवलं होतं. सासूबाईंनी सांगितलं, “देव बदला म्हनलात, बदलला. आता पोराला हाक मारायचं बदलनार न्हाई मी.” तिथंच तो विषय मिटला.

मी जालन्याची, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची मुलगी. जालन्याला नाताळ म्हणजे काय असायचं, ते मी या वयातही डोळे मिटले की पाहते. पंधरा दिवस आधीपासून घराघरांतून तळणाचा वास. पंचवीस तारखेच्या पहाटे सगळी मंडळी टाळ-मृदंग घेऊन गल्लीगल्लीतून गात निघायची. पुढं बांबूच्या काठीला कागदाची चांदणी, आत दिवा. माझ्या वडिलांनी रचलेलं एक पद होतं, ‘गव्हाणीत दिवा लागला, बाई, गव्हाणीत दिवा’. एके वर्षी ते पद म्हणायला एक नवाच उंच, काळासा मुलगा पुढं आला. रेल्वेत उमेदवारी करत होता. त्याचा आवाज लागला आणि दाराआड शाल गुंडाळून उभी असलेली मी उंबऱ्याच्या बाहेर कधी आले, मलाच कळलं नाही. वडिलांना मात्र कळलं. पुढच्या माघात आमचं लग्न झालं.

आणि मग त्या आवाजात मला सात वर्षं एकच गोष्ट ऐकायला मिळाली, ‘लाईन क्लिअर’.

यांची पाळी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. रविवार नाही, सण नाही. त्यात कापसाचा हंगाम नेमका डिसेंबरात, मालगाड्यांवर मालगाड्या. पुढं लढाई सुरू झाली आणि फौजेच्या सामानाच्या गाड्यांची त्यात भर पडली. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतले गोरे आणि निमगोरे लोक नाताळला सुट्टी घेत, केक कापत, नाचत, आणि त्यांच्या बदल्यात बाकीच्यांवर जादा काम पडे. म्हणजे येशू त्यांचा-आमचा एकच, पण त्याच्या वाढदिवसाला सुट्टी त्यांची आणि ड्युटी आमची. दर ऑगस्टात हे रजेचा अर्ज करीत. दर डिसेंबरात उत्तर येई, बदली माणूस शिल्लक नाही. हे उत्तराची घडी घालून कपाटात ठेवीत आणि यंत्राजवळ जाऊन बसत. मी भांडे. हे ऐकून घेत. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही.

करंज्यांचं सुरू झालं ते आमच्या तिसऱ्या नाताळला. दुपारी एक मालगाडी आमच्याकडं अडकून पडली होती. तिचे ड्रायव्हर याकूबमियां. मी त्यांना ताटलीत करंज्या पाठवल्या. त्यांनी एक खाल्ली आणि फलाटावरून ओरडून सांगितलं, “भाभी, अगले साल गाडी रुको न रुको, ये चीज मिलनी चाहिए!” पुढच्या वर्षी त्यांची गाडी थांबणार नव्हती. मग मी जुनी, टाकून दिलेली एक रिंग घेतली, तिची पिशवी धुऊन आत स्वच्छ फडकं घातलं आणि चार करंज्या ठेवल्या. दोन ड्रायव्हरकडच्यांना, दोन गार्डला. गोळ्याची रिंग इंजिनाला दिली की दुसरी रिंग मागं गार्डच्या डब्यात द्यायची. पुढच्या स्टेशनात थांबले की वाटून खातील.

बघता बघता त्याची रीतच पडली. नाताळच्या दिवशी आमच्या फलाटावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दोन रिंगा. मास्तरांच्या खोलीच्या दाराशी दोन खुंट्या होत्या. उजव्या खुंटीवर गोळ्याची रिंग, डावीवर माझी. माझी रिंग पुढच्या उलट्या गाडीनं परत येई. आमचा पॉइंट्समन सटवाजी बोरीचा, घरी थोडी शेती असलेला, तोंडात कायम तंबाखू आणि डोक्यात कायम बैलांची काळजी. त्याला मी पढवून ठेवलं होतं, उजवीची डायवरला, डावीची गारडाला. याकूबमियां ईदच्या दिवशी परतीच्या रिंगेतून खजूर पाठवीत. सात वर्षांतला माझा नाताळ काय तो तेवढाच. येशूजन्म आमच्या घरी मालगाडीच्या वेळापत्रकानं व्हायचा.

तरी माझं मन भरत नव्हतं. मला करंज्या वाटायच्या नव्हत्या, मला यांच्याबरोबर एकदा मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, बसायचं होतं आणि यांना गाताना ऐकायचं होतं. सातव्या वर्षी रजेचं ‘नाही’ आलं तेव्हा मी म्हटलंसुद्धा, “माणूस न्हाई, लोखंडाचा गोळा पदरात पडलाय माझ्या. तुमाला नाताळचं काही वाटतच न्हाई.”  हे कंदिलाची काच पुसत राहिले.

आणि एकोणीसशे त्रेचाळीस साली रजा मंजूर झाली.

कागद मी स्वतः तीनदा वाचला. पंचवीस डिसेंबर, सकाळी नऊपासून एक दिवस. बदली माणूस म्हणून परभणीहून किशनराव येणार होते. मी त्याच दिवशी पूर्णेच्या पाद्रीसाहेबांना पत्र टाकलं, की आम्ही येतो आहोत आणि आमचे हे पद म्हणणार आहेत. उत्तर आलं, पेटी-तबला तयार ठेवतो. परभणीच्या शिंप्याकडून यांच्यासाठी काळा कोट शिवून आणला. आमच्या चार वर्षांच्या छबूला लाल फ्रॉक शिवला. लढाईमुळं साखर मिळत नव्हती, म्हणून सारणात गूळ घातला. सटवाजीची बायको धुरपताबाई लाटायला आली होती. ती म्हणाली, “बाई, तुमचं लगीन हाय का सन हाय, कळंना गेलंय मला.”

पंचवीस तारखेला पहाटे थंडी अशी होती की विहिरीच्या पाण्यातून वाफ निघत होती. सातच्या गाडीनं किशनराव उतरले. ठेंगणे, बडबडे, बोलता बोलता मिशीला हात लावायची सवय. पूर्णेला जाणारी आमची मिक्स्ड, म्हणजे उतारू आणि माल एकत्र नेणारी गाडी, नऊ वीसला. नऊ वाजता यांनी चार्ज द्यायचा आणि निघायचं. त्याआधी आठ चाळीसला एक मालगाडी न थांबता जायची होती, याकूबमियांचीच. तिला रिंगा दिल्या की यांचं काम संपलं.

मी घरात शेवटचा घाणा तळत होते. आमची खोली आणि मास्तरांची खोली यांच्यामध्ये एक भिंत. त्या भिंतीपलीकडून मला आवाज आला. आधी वाटलं, किशनराव असतील. मग हातातला झारा तसाच राहिला. ‘गव्हाणीत दिवा लागला, बाई.’ हे गात होते. हळू, घसा साफ करत, मध्येच एखादी ओळ विसरून पुन्हा मागं जात. आठ वर्षांनी. कढईतल्या दोन करंज्या काळ्या पडल्या आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मी चार करंज्या पिशवीत भरल्या आणि रिंग घेऊन पलीकडं गेले. डाव्या खुंटीवर यांचा नवा कोट लटकत होता. कोळशाची धूळ लागू नये म्हणून काढून ठेवला होता. त्याला तेलाचा हात कोण लावणार? उजवी खुंटी रिकामी दिसली. मी माझी रिंग तिच्यावर अडकवली आणि ट्रंक बांधायला घरात गेले.

पुढचं मला नंतर जुळवून कळलं. यंत्राची घंटा वाजली. यांनी गोळा काढला, गोळ्याच्या रिंगेच्या पिशवीत घातला आणि गात गातच दाराशी आले. उजव्या खुंटीवर एक रिंग आहे, एवढं डोळ्यांना दिसलं. मग हातातली रिंग डावीकडं, कोटाच्या गळ्यावर अडकवली. नियम असा, की पिशवी उघडून गोळा पॉइंट्समनला दाखवायचा आणि मगच रिंग हातात द्यायची. सात वर्षांत यांनी तो एकदाही चुकवला नव्हता. त्या दिवशी मात्र आतूनच हाक दिली, “ने रे सटवाजी,” आणि पुढची ओळ सुरू केली. सटवाजीनं नेहमीप्रमाणं उजवीची उजव्या हातात घेतली, डावीची डाव्यात.

इंजिन धडधडत गेलं. मागून गार्डचा डबाही गेला. मी दाराशी येऊन हात हलवते आहे तोच शिटी वाजली, तुटक तुटक, आणि ब्रेक असे किंचाळले की छबूनं कान झाकले. आमच्याकडं कधी न थांबणारी गाडी सिग्नलच्या पुढं जाऊन उभी राहिली होती.

गार्ड डब्यातून उडी मारून गाडीच्या कडेनं इंजिनाकडं धावत होता, हातात लोखंडी गोळा उंच धरून. तिकडून याकूबमियां खाली उतरून इकडं धावत येत होते. गाडीच्या मध्यावर दोघं भेटले. हे आणि किशनराव तिथं पोचले, त्यांच्यामागून मी.

“मास्टर साब,” याकूबमियां धापा टाकत म्हणाले, “गोला गार्डसाब को, और मुझे ये? इसमें तो करंज्या हैं!”

एरवी मी हसून लोळले असते. पण यांचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं. सटवाजी रडवेला झाला होता. “माझ्या हातून झालं वो, मास्तर. उजवीची डायवरला, डावीची गारडाला, दर साली असंच हाय की.”

“तुझ्या हातून न्हाई झालं,” हे म्हणाले.

“रिंग मी अडकवली उजवीला,” मी म्हटलं. “माझं नाव घाला.”

“तुझं नाव रेल्वेच्या पटावर न्हाई, कोकिळा.”

तसं पाहिलं तर धोका काहीच नव्हता. गोळा यंत्राबाहेर होता, म्हणजे समोरून दुसरी गाडी येणं शक्य नव्हतं. गाडी अकरा मिनिटं उभी राहिली, एवढंच. याकूबमियांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. “मैं लिख देतूं, ब्रेक का व्हॅक्यूम गया था. गार्डसाब भी वही लिखेंगे. आज आपकी ईद है, मास्टर साब. जाओ, बच्ची को लेके जाओ.” गार्डनं ‘हो’ म्हणून मान हलवली. किशनराव मिशीला हात लावून म्हणाले, “म्या तर काय बगितलंच न्हाई. च्या पेत होतो. नऊला चार्ज घेतो, तुमी जावा.”

सगळं जग आमच्या बाजूनं उभं होतं. मी यांच्याकडं पाहत होते. म्हणा हो, नुसतं हो म्हणा.

 हे याकूबमियांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मेहरबानी, मियां. पन गोळ्याचं खोटं न्हाई लिहायचं.” आणि मग माझ्याकडं वळून, जणू मलाच पटवायचं होतं, “पुढच्या टेसनातला मास्तर मला दिसत न्हाई, मी त्याला दिसत न्हाई. तो घंटा वाजवतो आन् मी इस्वास ठेवतो. उद्या त्याच्या वहीत खोटं शिरलं, माझ्या वहीत शिरलं, मंग गाड्या कुनाच्या भरवशावर सोडायच्या?”

गाडी गेली. यांनी खोलीत जाऊन वरच्या ऑफिसला तार दिली, की माझ्या हातून अशी चूक झाली. उलट तार वीस मिनिटांत आली. वैजीनाथनी ताबडतोब कामावरून बाजूला व्हावं, यंत्राला हात लावू नये, किशनरावांनी चार्ज घ्यावा, आणि चौकशीसाठी इन्स्पेक्टर येईपर्यंत वैजीनाथनी स्टेशन सोडू नये.

नऊ वीसची मिक्स्ड आली. छबू लाल फ्रॉक घालून ट्रंकेवर बसली होती. “तू जा,” हे म्हणाले, “पोरीला घेऊन जा. लोक वाट बगत असतील.”

“आन् काय सांगू त्यांना? गाणारा माणूस वहीत अडकलाय म्हनून?” मी ट्रंक उचलली आणि घरात निघून आले. गाडी सुटल्याची शिटी मी चुलीपुढं बसून ऐकली. पूर्णेला आत्ता पेटीचा भाता कुणीतरी उघडून पाहत असेल, हे मनात आलं आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. हे दारात येऊन उभे राहिले. मी वर न पाहता म्हटलं, “आठ वर्षांत एकदा तरी नाताळ तुमच्या मनाला शिवला का हो? एकदा तरी?”

 त्यांनी बरोबर आणलेला कोट घरातल्या खुंटीला लावला आणि परत गेले.

मधल्या दाराच्या फटीतून मला ते मास्तरांच्या खोलीत दिसत होते. खोलीच्या कोपऱ्यात रिकाम्या पेटाऱ्यावर बसून रिपोर्ट लिहीत होते, खाली कार्बन घालून. निम्म्यापर्यंत हात भराभर चालला. मग एका रकान्यापाशी थांबला तो थांबलाच. पेन्सिलीचं टोक कागदाला लावायचे, पुन्हा उचलायचे. अर्ध्या तासानं त्या रकान्यात एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

इन्स्पेक्टरसाहेब दुपारी एकच्या सुमाराला, माणसांनी रुळांवरून ढकलायच्या ट्रॉलीवरून आले. हैदराबादकडचे, वयस्कर, डोक्यावर गोंड्याची लाल तुर्की टोपी, उन्हानं आणि धुळीनं हैराण. माणूस दारात आला की राग बाजूला ठेवून चहा टाकायचा, ही आमच्याकडची सवय. मी चहा केला, ताटलीत करंज्या ठेवल्या आणि ट्रे घेऊन दारापर्यंत गेले. आतलं बोलणं ऐकून तिथंच थांबले.

“मास्टर, बाकी सब ठीक लिखे तुम,” साहेब म्हणत होते. “पॉइंट्समन को बचा लिये, वो भी समझ में आया. मगर ये वजह के खाने में क्या लिखे? ‘मैं खुश था और गा रहा था’? ये भी कोई वजह होती क्या?”

“वजह वही है, साब.”

“अरे बाबा, ‘थकान’ लिखो. लडाई का जमाना है, बारा-बारा घंटे की ड्यूटी. सब मानेंगे. एक ताकीद मिलेगी और बात खतम. ये लिखे तो ऊपरवाले बोलेंगे, आदमी लापरवाह है. तरक्की रुक जाएगी.” त्यांनी नवा कोरा कागद यांच्यापुढं सरकवला.

यांनी कागदाकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

“साब, थका तो मैं रोज रहता हूँ,” हे म्हणाले. “सात साल से रोज. रोज तो गलती नै हुई. आज थका नै था.” आणि जरा वेळानं खालच्या आवाजात, “आठ साल के बाद आज मेरा बडा दिन था. सुबह से मेरे पाँव जमीन पे नै थे. इसलिए हुआ. दूसरा कुछ लिखूँगा तो झूठ होगा.”

 मी ट्रे उंबऱ्यावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. सकाळी जो खरेपणा मला दगडासारखा लागला होता, ज्यानं माझा सण हिरावून घेतला म्हणून मी चुलीपुढं बसून कढत होते, तोच खरेपणा भिंतीच्या पलीकडं एका परक्या माणसापुढं सांगत होता, की या माणसाला नाताळचं किती वाटत होतं. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नसतं. रेल्वेनं विचारलं म्हणून सांगावं लागलं.

 कोरा कागद साहेबांनी परत पिशवीत ठेवला, लिहिलेला घेतला आणि दाराकडं पाहून म्हणाले, “वो करंज्या किधर हैं, जिनने गाडी रुकाए?” मी पदर सावरून ट्रे आत नेला. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली. निघताना यांना सांगितलं, “मशीन को शाम तक हाथ नै लगाना. हुकूम है. बाकी तुम्हारा दिन तुम्हारा है.”

पुढं फेब्रुवारीत निकाल आला. यांची बढती एक वर्ष लांबली, आणि टोकनच्या सामानाबरोबर खाण्याच्या वस्तू देण्याची सक्त मनाई झाली. जुनी रिंग भांडारात जमा करावी लागली. याकूबमियां त्याबद्दल पुढं कितीतरी वर्षं हळहळत होते. रिपोर्टाची कार्बन प्रत यांच्या कपाटात, त्या सात नकारांच्या घड्यांखाली होती. यांच्या पश्चात मी ती काढून घेतली. करंज्यांचं कातण ज्या डब्यात ठेवते त्याच डब्यात ती असते. कार्बनची अक्षरं आता पुसट झाली आहेत. मला वाचावी लागत नाहीत.

पण मला सांगायची होती ती त्या दिवसाची दुपार. ट्रॉली नजरेआड गेली. मिक्स्ड निघून गेली होती, पूर्णेचं भजन कधीच आटपलं होतं. हे फलाटावरच्या बाकावर रिकाम्या हातांनी बसले होते. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. दिवसाच्या उजेडात रिकामं बसायची सवयच नव्हती. मी घरातून काळा कोट आणला आणि त्यांच्या खांद्यांवर घातला. करंज्यांचा डबा मध्ये ठेवला. छबू मांडीवर येऊन बसली. धुरपताबाई आणि सटवाजी येऊन खाली टेकले. सटवाजी अजून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. मी त्याच्या हातात दोन करंज्या कोंबल्या.

“म्हना आता,” मी यांना म्हटलं.

“काय?”

“सकाळी म्हनत होतात ते.”

“इथं? मंडळी न्हाई, पेटी न्हाई.”

“आमी कोन हाव मग?” धुरपताबाई म्हणाली.

हे हसले. घसा साफ केला. सटवाजीनं पाण्याची बालदी पालथी घालून पुढं ओढली आणि बोटांनी ठेका धरला, बोरीच्या भजनातला, आमच्या पदाला न शोभणारा, पण पक्का. आवाज लागला. पहिल्या ओळीला जरा कापला, दुसऱ्या ओळीला जालन्याच्या गल्लीतला तोच उंच, काळासा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तुरीच्या शेतात काम करणाऱ्या दोन बाया कुंपणाशी येऊन थांबल्या. मी रडत होते आणि मला ते लपवायचं नव्हतं.

तिसरं कडवं चाललं असताना आत यंत्राची घंटा वाजली. यांचा हात आपोआप बाकाच्या कडेला गेला, अर्धे उठलेसुद्धा. मग खोलीतून किशनरावांचा आवाज आला, “बसा तुमी, मी हाय!” हे पुन्हा खाली बसले.

घंटा वाजत राहिली. हे गात राहिले. पद शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं.